तळाला लागलेली खीर

मंडळी, आता जरा सावरून बसा. मागच्या खांबाला टेकलेल्यांनी डोळे उघडे ठेवले तरी माझी काही तक्रार नाही. एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. कामाच्या जागी "माझं चुकलं" म्हणायला माणसाला इतकं जड का जातं? तोच माणूस संध्याकाळी देवापुढं कान पकडतो, सगळं घडाघडा बोलून टाकतो. मग सकाळी दुकानात, कचेरीत, शाळेत त्याची जीभ कुठं जाते? तुम्ही म्हणाल, बुवा, त्याला धैर्य लागतं. लागतं ना! पण कुणाला लागतं? सांगणाऱ्याला, की ऐकणाऱ्याला? हे मनात धरा आणि ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, त्या गावच्या लेकीबाळी इथं बसल्या असतील, उगाच भांडण नको. गावात नरसिंहाचं देऊळ, देवळामागं देवाचं स्वयंपाकघर. दर शनिवारी नैवेद्य, मग पंगत. आणि या स्वयंपाकघराचे मालक कोण? म्हणायला देव. पण तिथं हुकूम चालायचा गुंडोपंत आचाऱ्यांचा. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

देवाच्या स्वयंपाकाचा नियम तुम्हांला ठाऊकच आहे. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही. जिभेला लागलं की उष्टं झालं. मुद्दाम हुंगायचंही नाही म्हणतात. पण वास आपण होऊन नाकात शिरला, तर त्याला दारात अडवायचं कुणी? अण्णांचं सगळं आचारीपण त्या नाकावर उभं होतं. डाळ शिजत आली, गूळ विरघळला, फोडणी बसली, सगळं ते वाफेवरून सांगायचे. लोक म्हणायचे, अण्णांचं नाक म्हणजे नाक.

आणि स्वभाव? आता काय सांगू. चुलीपाशी राहून माणूस तापट होतो, की तापट माणसंच चुलीपाशी जातात, देव जाणे. हाताखाली दोघं. केरबा जाळ सांभाळायचा, मोठं उलथनं धरायचा. द्वारकाबाई निवडणं, चिरणं, वाटणं बघायच्या. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "अण्णा, फोडणीत मोहरी जरा करपली वाटतं." अण्णांनी पळी खाली ठेवली. बाहेर पंगतीची माणसं उभी होती, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, उद्यापासून तू आचारी हो. मी भांडी घासतो."

माणसं हसली. द्वारकाबाई नाही हसल्या. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि केरबा त्यांच्याकडं बघून शहाणा झाला. स्वयंपाकघर कसं शांत शांत झालं. देवस्थानचे विश्वस्त नानासाहेब येईल त्याला कौतुकानं सांगायचे, "आमच्या अण्णांच्या हाताखाली चूक म्हणून होत नाही." मंडळी, चुका होत होत्या. फक्त कुणी सांगत नव्हतं.

पुढं काय झालं, अण्णांना ताप आला. ताप गेला, पण जाताना अण्णांचं नाक घेऊन गेला. पहिल्यांदा त्यांना वाटलं, सर्दी असेल. मग घरात हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरली. काही नाही. कापूर चुरगाळला. काही नाही. उदबत्ती लावली तर नुसता धूर दिसला. देवघरापुढं हा मोठा माणूस मटकन खाली बसला.

आता सांगायचं कुणाला? नानासाहेबांना सांगितलं, तर उद्या तालुक्याहून दुसरा आचारी येईल. द्वारकाबाईंना सांगायचं? जिला चार माणसांत मान खाली घालायला लावली, तिला? अण्णांना भीती वाटली, अगदी खरीखुरी भीती. हातातली पळी गेली तर आपण कोण, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. तेव्हा त्यांनी काय केलं? तुम्ही-आम्ही करतो तेच केलं. चेहरा तसाच ठेवला, आवाज थोडा वाढवला आणि कामावर गेले.

डोळ्यांवर आणि सवयीवर काही शनिवार निभावले. मग आला खिरीचा शनिवार. खपली गव्हाची, गुळाची खीर. अशी खीर मोठी लहरी, पाठ फिरवली की तळाला लागते. बायांनो, लागली तर काय करायचं असतं? बरोबर. जाळ ओढायचा, वरची खीर अलगद दुसऱ्या भांड्यात काढायची आणि तळाला हात लावायचा नाही. तळ खरवडला की सगळी खीर गेली.

त्या दिवशी खीर लागली. केरबाला वास आला. विळीवर बसलेल्या द्वारकाबाईंना आला. बाहेर उन्हात झोपलेल्या कुत्र्यालाही आला असेल. आणि अण्णा कढईवर ओणवे होऊन, वाफ तोंडावर घेत म्हणतात, "वा! केरबा, आता उलथनं तळापर्यंत घाल. चांगलं खरवडून ढवळ."

केरबानं द्वारकाबाईंकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी केरबाकडं पाहिलं. म्हणावं का? अण्णांच्या नाकाला कळलं नाही, असं कसं होईल? आणि झालं असलं तरी सांगणार कोण? केरबानं उलथनं घातलं आणि खरवडून ढवळलं.

तीच खीर देवापुढं गेली. नरसिंह काही बोलला नाही. पंगत बसली, पंगतही काही बोलली नाही. प्रसादाला नाव कसं ठेवायचं? लोकांनी डोळे मिटून घास गिळले. एका आजोबांनी तर पुन्हा मागून घेतली, त्यांना वाटलं यंदा काही नवीन प्रकार आहे.

पण पत्रावळी उचलताना अण्णा थबकले. पानापानात खीर उरलेली. त्यांच्या हातची खीर आजवर कुणी पानात टाकली नव्हती. ते मागच्या दारी गेले. तिथं द्वारकाबाई राख घेऊन कढई घासत बसल्या होत्या, आणि कढईच्या बुडाला काळा थर धरलेला स्पष्ट दिसत होता.

अण्णांनी विचारलं, "खीर कशी झाली होती गं?"

द्वारकाबाई तो काळा थर घासता घासता म्हणाल्या, "छान झाली होती, अण्णा."

मंडळी, इथं जरा थांबा. डोळ्यांसमोर करपलेलं बूड, हातात राख आणि तोंडात "छान". त्या बाईला खोटारडी म्हणाल? मी नाही म्हणणार. हे "छान" अण्णांनीच तिला शिकवलं होतं. फार मेहनतीनं शिकवलं होतं. आणि आता ज्या दिवशी अण्णांना एका खऱ्या शब्दाची गरज होती, त्या दिवशी तो शब्द त्या स्वयंपाकघरात कुणाकडंच शिल्लक नव्हता. घरी जाताना अण्णांच्या मनात तेच होतं, की मी पडलो तर हे लोक मला "पडलात" म्हणूनही सांगणार नाहीत.

नरसिंह जयंती आली. वर्षाचा उत्सव, पंचक्रोशी जेवायला येणार. पहाटे केरबा चूल पेटवायला वाकला, तर अण्णा म्हणाले, "थांब. काडी ओढू नको. द्वारके, तूही ये इकडं."

दोघं येऊन उभी राहिली. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "मला वास येत नाही. त्या तापापासून काहीच येत नाही. आजचा स्वयंपाक एकट्यानं मला जमणार नाही."

द्वारकाबाई म्हणाल्या, "आम्हांला ठाऊक आहे, अण्णा. खीर लागली त्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. "खरं सांगू? रागावणार नाही?"

"नाही रागावणार."

"तुमची भीती वाटते. कामाची नाही वाटत, तुमची वाटते."

बघा हं, राग कुठं येतो ते. नाक गेल्याचं सांगताना अण्णा हलले नव्हते, पण या वाक्यानं त्यांचे कान तापले. मी या लोकांना काम शिकवलं, पोटाला लावलं, आणि हे मला सांगतात? शब्द ओठापर्यंत आला होता. तो त्यांनी गिळला, आणि तो करपलेल्या खिरीपेक्षा कडू होता. पाटावर बसले आणि एवढंच म्हणाले, "मोहरी करपली होती त्या दिवशी. मला कळलं होतं. तरी तुला तसं बोललो. चुकलं माझं."

मग चूल पेटली. द्वारकाबाई चुलीजवळ आल्या. वाफ निघाली की सांगायच्या, "डाळीला अजून कच्चा वास आहे," आणि अण्णा सांगायचे, आता काय करायचं. तिचं नाक आणि यांचं ज्ञान. तुम्ही म्हणाल, झालं बुवा, कथा संपली. अहो, एका माणसानं एकदा खरं बोलणं सोपं असतं. परीक्षा पुढंच असते.

दुपार झाली. नैवेद्याची वेळ जवळ आली, बाहेर माणसांचा नुसता समुद्र. आणि केरबा उलथनं धरून एकदम म्हणाला, "अण्णा, खीर तळाला लागाया लागली. माझं ध्यान बाहेर गेलं हुतं. माझीच चूक हाय."

द्वारकाबाईंचे हात थांबले. केरबाचं उलथनं थांबलं. दोघं अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. उत्सवाची खीर आणि ध्यान बाहेर! जुने अण्णा असते तर पळी भिंतीवर गेली असती, आणि पुढच्या खेपेला केरबानं तोंड मिटून खरवडून ढवळलं असतं. अण्णांनी श्वास घेतला. म्हणाले, "बरं झालं लगेच बोललास. जाळ ओढ. द्वारकाबाई, ते मोठं पातेलं पुढं घ्या. वरची वर काढा, तळाला हात लावू नका."

खीर वाचली. पंगती उठल्या, पानं स्वच्छ. नानासाहेब हात धूत आत आले, खूश होते. "अण्णा, काय खीर! तुमचं नाक म्हणजे नाक."

केरबा खाली बघू लागला. द्वारकाबाईही गप्प. दोघांनी ठरवल्यासारखं अण्णांना झाकून घेतलं होतं. अण्णांनी नुसतं हसून घेतलं असतं तरी चाललं असतं. पळी त्यांच्याच हातात राहिली असती.

अण्णा म्हणाले, "माझं नाक गेलं, नानासाहेब. आजचं नाक द्वारकाबाईंचं. आणि खीर वाचली ती केरबानं चूक वेळेवर सांगितली म्हणून. तुम्हांला दुसरा आचारी बघायचा असेल तर बघा."

नानासाहेब गंभीर झाले. खूप वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे त्या शनिवारची खीर करपलेली होती?"

"होती."

"अरे देवा. मला वाटलं माझ्याच तोंडाला चव नाही. मी वैद्याकडं जाऊन आलो." आणि मग सावकाश म्हणाले, "मी तरी तेव्हाच तुम्हांला विचारायला काय हरकत होती? तुम्ही कुठंही जायचं नाही, अण्णा. तिघांनी मिळून चूल चालवा."

हसलात, बरं वाटलं. पण आता हसू जरा आवरा, कारण गोष्ट तुमच्याकडं वळली आहे. देवापुढं आपण खरं का बोलतो? तो ऐकताना तोंड वाकडं करत नाही म्हणून. मग तुमच्या हाताखाली जे कुणी आहेत, दुकानातला गडी, कचेरीतली नवी मुलगी, घरातली सून, त्यांनी यंदा एकदा तरी तुमच्यापाशी येऊन "मला जमलं नाही" म्हटलं का? नसेल, तर आपल्याकडं सगळं ठीक चाललंय असं समजू नका. कुठंतरी बूड काळं झालंय आणि तुम्हांला "छान" ऐकू येतंय.

चला, टाळ घ्या हातात, त्या न रागावणाऱ्याचं नाव घेऊ. पण त्याआधी एक ऐका. उद्या कुणीतरी तुमच्यापाशी येईल, बोलायला तोंड उघडेल आणि बोलण्याआधी तुमच्या चेहऱ्याकडं बघेल. तिथं त्याला काय दिसणार आहे, तेवढं आज इथून उठायच्या आत ठरवा.