साडूच्या गाडीचे ब्रेक

देवळाली कॅम्पची बस यायचं नाव घेत नव्हती. वेदिकाच्या पुढे रांगेत दोघे मित्र बोलत होते.

"काय खंडेराव, आज बसने? जीप कुठंय?"

"सांगतो. साडूनं नवी महागडी गाडी घेतली ना, म्हटलं ब्रेकपॅड मीच बदलून देतो."

"तुझा तर हात बसलाय त्यात!"

"जुन्या जीपवर. या गाडीच्या ब्रेकमध्ये मोटर असते, ब्रेक आधी कॉम्प्युटर लावून मोकळा करायचा असतो. मी सवयीनं हत्यारानं जोर लावून तो मागं दाबला. आतली मोटर तुटली."

"भडकला असेल."

"भडकला असता तर परवडलं असतं. सगळ्यांसमोर हसून म्हणाला, 'भाऊ, तुम्ही आपलं तुमचं खेळणं सांभाळा.' तुझी वहिनीसुद्धा खो खो हसली."

"आणि जीप?"

"दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली."

"अरे! वहिनी काय म्हणाली?"

"आता हसत नाही."