गालाला हात

सकाळचे ऊन कलादालनाच्या उंच काचेतून उतरले, फरशीवरून कुणाला न दुखवता सरकत भिंतीवर चढले आणि एका छायाचित्राखालच्या मजकुरापाशी, जणू वाचण्यासाठीच, थांबले. माझ्यापुढे एक तरुण आणि त्याची आई उभी होती. छायाचित्रातली बाई तीच होती.

“वाचून दाखव रे, चष्मा विसरलेय.”

“राहू दे ना, आई.”

“वाच म्हणते ना!”

“‘मुलांनी पाठ फिरवलेली आई खिडकीपाशी वाट पाहते आहे.’”

“कुणाची वाट? तूच तर समोर कॅमेरा घेऊन उभा होतास! दाढ ठणकत होती माझी, म्हणून गालाला हात.”

“हळू बोल, लोक बघताहेत.”

“बघू देत. त्याच दुपारी तुझ्या ताईनं रजा टाकून मला दवाखान्यात नेलं. उद्या ती येणार आहे इथे. हे वाचून तिला काय वाटेल?”

“इथे असंच लिहितात गं. नुसत्या दाढदुखीला भिंतीवर जागा कोण देणार?”

“दाराशी बसलेल्या त्या बाईंना विचारतेच, कुणी लिहिलं ते. काढायला लावते.”

“आई, थांब.”

“सोड हात. त्यांना काय माहीत आपलं घर?”

“त्यांनी नाही लिहिलं, आई. मी लिहिलंय.”