अगोदर आलेला अधिक महिना

सन्माननीय अध्यक्ष दीपचंदशेठ, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, समोर बसलेल्या आयाबहिणी, शाळेच्या मुली, आणि जिना चढून यायला आज ज्यांना दोन हातांचा आधार लागला त्या आमच्या मंजुळाबाई,

बाईंनी धुळ्याच्या या शाळेला आणि वसतिगृहाला काय दिलं, ते शेठजींनी सांगितलंच. मी एका जेवणाचं सांगते.

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून अनारसे वाढतात. धरणगावला आमच्या घरी त्या अनारशांचे तांदूळ मीच कुटायची. सोळाव्या वर्षी नवरा गेला होता. पंगतीला धाकटी बहीण आणि तिचे यजमान बसत. आई हळूच म्हणायची, "तू आतच बस हं." आवाज कठोर नसायचा. कठोर असता तर बरं झालं असतं, नाही का?

पुढे मी इथे शिकायला आले. पहिल्याच अधिकात बाईंनी मला आणि माझ्यासारख्या आणखी काहीजणींना पाटावर बसवलं. स्वयंपाकघरातल्या भिकुबाई बघतच राहिल्या. "बाई, जवाई कोठे शे?"

"माले लेक जेवाडनी शे. जवाईनं काय काम?"

"मंग तूप कमी लागी!" भिकुबाई म्हणाल्या आणि आम्ही हसलो. घर सोडल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

त्याच पावसाळ्यात अंगणातली ज्वारी वाऱ्याने आडवी झाली. मी उपटायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "थांब." काही दिवसांत पडलेली धाटं पेरापाशी वळून वर उठली. बाईंनी त्यातलंच एक वर्गात आणलं. "हे नुसतं शेंड्याला वाढत नाही, मधल्या पेरांतूनही वाढतं. वर्षाचंही तसंच. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं, दर वर्षी तेवढं मागे राहतं, मग मध्येच एक महिना घालतात. नाहीतर दिवाळी भर पावसात आली असती." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागे राहिलेल्यासाठी मध्ये जागा करावी लागते."

बाईही लहानपणीच विधवा झालेल्या. माहेरी कुणी उरलं नव्हतं. एकदा मी विचारलं, "बाई, अधिकात तुम्हाला कोण बोलावतं?"

"अनारसा गरम आहे. आधी खा."

मी खाल्ला. पुढे इथेच शिक्षिका झाले, आणि दर अधिकात खातच राहिले.

यंदा मी बाईंना बोलावणार होते. पण त्यांची दृष्टी गेली. उद्या त्या पुतण्याकडे जबलपूरला निघाल्या आहेत, आणि अधिक श्रावण लागायला अजून आठवडा आहे. पुढचा अधिक येईल तेव्हा... ते वाक्य मला पुरं करवत नाही.

शास्त्रीबुवा, आपण पुढच्याच रांगेत आहात. पंचांगाला न विचारता आमच्यापुरता अधिक महिना मी आजच घातला आहे. आत पाट मांडलाय. पीठ मुरायला दिवस कमी पडले, काही अनारसे तुपात फुटले. जे धड उतरले ते बाईंच्या ताटात आहेत.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तिथी तर नक्कीच चुकली आहे; दोन्ही पोटात घाला.

बाई, हात द्या. उंबरा आहे, जपून. आज लेक तुम्ही आहात.

अनारसा गरम आहे.