आठवड्याला एकच!

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, तुम्ही सिगार सोडलीत तरी कशी?" सोडली कशी! अहो, काय सांगू कशी सोडली... थांबा, हा माईक आधी नीट धरू द्या. एवढ्या जाडीची सिगार आमच्या कारखान्यात निघायची, फक्त मालकाच्या पाहुण्यांसाठी. मागे ऐकू येतंय का? मला तर तुमचं सगळ्यांचं खोकणं स्वच्छ ऐकू येतंय, तेव्हा तुम्हालाही माझं बोलणं यायला हरकत नाही.

तर तुम्हाला सांगते, या डॉक्टरीणबाईंनी मला पाच मिनिटं दिलीत. तुम्ही सगळे व्यसन सोडायला या छातीच्या दवाखान्यात नाव घातलेली माणसं, आणि तुमच्यापुढे नमुना म्हणून मी! आठ वर्षांपूर्वी एका दिवसात, गोळी नाही, औषध नाही, कोणाचा हात धरणं नाही, सिगार सोडलेली बाई! फळ्यावर लिहिलंयसुद्धा, 'निश्चयाची कहाणी'. हे टेबलावर रोप ठेवलंय ना, ते मला बक्षीस. मी बोलले की टाळ्या, मग रोप, मग चहा. सगळं ठरलेलं. एवढं ठरलेलं असताना मी आता त्यात माती कालवणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

पहिल्या रांगेत ते नाकात नळी घालून बसलेत ना, ते आमचे हे. घड्याळजी, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं यांचं. शेजारी रुमाल घेऊन बसलीय ती आमची लेक, शाळेत मास्तरीण आहे, म्हणून घरातही आम्हाला बाकावर उभं करते. ती, जावई आणि नात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. हे लक्षात ठेवा, कारण धूर वर जातो.

एकतीस वर्षं मी सिगारी वळल्या. शाळेचं तोंड नाही पाहिलं. समोरच्या बाईच्या पुढ्यात खोकी रचलेली असायची, त्यांवरची लेबलं बघत बघत अक्षरं लावली मी, तीही उलटी! आजही मला उलटा कागद सुलट्यापेक्षा पटकन वाचता येतो. यानं पुढे घात केला, ते सांगते. आणि आमच्या कारखान्याची रीत अशी, की शनिवारी सुट्टी होताना प्रत्येकीला तिनं वळलेली एक सिगार मिळायची. बाकीच्या बाया घरी नवऱ्याला न्यायच्या. मी म्हटलं, वळायची मी, बोटं काळी व्हायची माझी, आणि ओढायची कोणी दुसऱ्यानं? का म्हणून? रविवारी दुपारी चारला मी ती स्वतः ओढायची. लोक बोलले. बोलू देत! माझ्या घामाची आहे. आठवड्याला एकच!

कारखाना सुटला, तरी तंबाखूचं पान आणून घरी वळायची. आठवड्याला एकच. आता ओढायची कुठे? तर खिडकीपाशी, यांच्या कामाच्या टेबलाशेजारी. कारण रविवारी दुकान बंद, म्हणून नाजूक कामं हे घरी आणायचे. आणि खिडकी? बंद! घट्ट बंद! का, तर घड्याळातले ते स्क्रू मोहरीच्या दाण्याहून बारीक, वाऱ्याची झुळूक आली की गेले. शिवाय धूळ! मी म्हणायची, "अहो, उघडा जरा, धूर कोंडतोय." डोळ्याला ते भिंग, मान वर न करता हे म्हणायचे, "धूळ जाईल आत." कुठे? घड्याळात! लोकांच्या घड्याळात धूळ जाऊ नये म्हणून एवढी वर्षं खिडकी बंद ठेवली आम्ही दोघांनी, आणि मी त्या बंद खोलीत... बोलते, बोलते. घोटभर पाणी पिऊ द्या.

आठ वर्षांपूर्वी माझ्याच छातीत कळ आली. लेक आली, हात कमरेवर. "आई, तुझी सिगार तरी या घरात राहील, नाहीतर माझी मुलगी तरी या घरात येईल. ठरव!" मी काय साधीसुधी बाई आहे? मी म्हटलं, "ठरवायचं काय त्यात? सोडली! आत्ता, या क्षणी!" खोकंच्या खोकं दिलं फेकून. जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. आमच्या वाण्याला पाऊण तास निश्चयावर भाषण दिलं, बिचारा तराजू धरून उभा! सगळी इमारत म्हणायला लागली, बाई असावी तर अशी.

नऊ दिवस टिकला निश्चय. दहाव्या दिवशी रविवार होता.

चार वाजता वरची मंडळी नातीला पोहायला घेऊन गेली. मी पान भिजवलं, वळली, बसले खिडकीपाशी. हे भिंगातून म्हणाले, "वास वर जाईल." म्हटलं, "जाऊ दे, घरात कोणी नाही." पण त्या दिवशी तलावच बंद! अर्ध्या तासात लेक जिन्यावरून धडधड खाली. "कसला वास आहे हा? आई!" मी सिगार यांच्या बशीत टाकलेली, तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! तोंडातून! आणि हा माणूस, ज्यानं जन्मात तोंडाला काही लावलं नाही, साधी बडीशेप खाताना ज्याला ठसका लागतो, तो शांतपणे म्हणतो, "माझी आहे."

लेक बशीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा? तुम्ही? या वयात?"

"आईनं टाकलेली बघितली," हे म्हणाले, "वाटलं, बघावं काय असतं."

तेव्हा तरी मी बोलायचं होतं की नाही? सांगा ना! होतं. पण वाण्याचं काय? जिन्याचं काय? नऊ दिवसांत केवढं उंच जाऊन बसले होते मी, तिथून उडी मारायची? म्हटलं, सांगू पुढच्या रविवारी. असे आठ वर्षांचे रविवार गेले. ओढायची मी, बोलणी खायचे हे. लेक म्हणायची, "आईकडे बघा जरा! एका दिवसात सोडली तिनं!" आणि हे बघायचे हो माझ्याकडे. एका डोळ्यानं. दुसऱ्याला भिंग. आणि मी? मी मान डोलवायची! "सांगून सांगून थकले बाई," असं म्हणायची! आठवड्याला एकच, म्हटलं, त्यानं काय होतंय?

मग यांना दम लागायला लागला. जिन्यात अर्ध्यावर थांबायला लागले. फोटो काढला छातीचा, आणि आम्ही याच दवाखान्यात, याच डॉक्टरीणबाईंसमोर. त्यांनी कागद पुढे ओढला. "आजोबा, किती ओढता?" हे म्हणाले, "आठवड्याला एकच." माझं वाक्य! माझ्या सुरात! "आणि धूर छातीत घेता?"

आता आली पंचाईत. अहो, सिगारचा धूर कोणी छातीत घेत नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडायचा, कारखान्यातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. यांना कुठलं ठाऊक! आठ वर्षं सिगार ओढतोय म्हणून सांगणाऱ्या माणसाला सिगार ओढतात कशी तेच माहीत नाही! यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पिशवीकडे. मग प्रामाणिकपणे विचार करून म्हणाले, "घेतो की. पूर्ण घेतो."

आणि डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. मी समोरून, उलटं वाचलं. 'धूर छातीत खोल ओढतो.'

तुम्हाला सांगते, त्या कागदावर तेवढी एकच गोष्ट खरी होती. मी तोंडात घोळवून सोडत होते, आणि सोडलेला सगळा... पूर्ण... खोल...

नंतर मी एकटी आले होते बाईंकडे. म्हटलं, आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, ओढणारी एक आणि शेजारी बसणारा दुसराच, तर? बाई म्हणाल्या, "आजी, धुराला कोण ओढतंय ते कळत नाही."

मग तरी सोडली असेल, नाही? नाही! अजून दोन रविवार ओढली. सांगायलाच उभी राहिलेय तर सगळंच सांगते. दोन! आणि दुसऱ्या रविवारी लेक खाली आली, यांना बोलताना धाप लागत होती, आणि ती रडत रडत ओरडली, "बाबा, मरायचंय का तुम्हाला?" हे म्हणाले, "चुकलं." एवढंच. दोन श्वासांत. "चु... कलं."

त्यानंतर नाही. अकरा आठवडे झाले. आणि हे अकरा आठवडे कसे गेले, ते कोणाला सांगू? मी तर आठ वर्षांपूर्वीच सोडलेली! हात थरथरतात, लोक म्हणतात वय झालं. चिडचिड होते, तर म्हणतात, ही पहिल्यापासूनच अशी. तुम्ही इथे एकमेकांचे हात धरून रडता, तुमचा हेवा वाटतो मला.

तर ही निश्चयाची कहाणी. रोप नको मला. डॉक्टरीणबाई, एकच मागणं आहे. यांच्या कागदावरची ती सिगारची ओळ खोडा. या माणसाच्या कागदावर माझं पाप लिहिलेलं आहे, ते त्याच्याबरोबर जायला नको. मला माझं माझ्या नावावर हवं आहे, बस्स!

...काय झालं? असे काय बघताय सगळे? लेकी, रडतेस काय, बोल, शिव्या दे! काय? "आई, बाबांसाठी इतकं खोटं बोलू नकोस गं"? खोटं! अगं, आयुष्यात पहिल्यांदा... थांबा, पुरावा आहे माझ्याकडे! हा बघा पिशवीतला डबा, यात लपवायची मी, घ्या वास! काय म्हणालीस? "हा तर बाबांचा स्क्रूंचा डबा"? हो, यांचाच आहे, पण... अहो, तुम्ही तरी सांगा ना! हात कशाला वर करताय, बोला! गप्प बसा रे सगळे, ते काहीतरी म्हणतायत...

ऐकलंत?

"माझीच... होती."

झालं! आठ वर्षं लागली मला तोंड उघडायला, आणि यांनी दोन शब्दांत बंद करून टाकलं. डॉक्टरीणबाई, तुम्हीसुद्धा डोळे पुसताय? "नवऱ्याचा दोष स्वतःवर घेणारी बाई"? अहो, उलटं वाचताय तुम्ही, उलटं! आणि तुम्ही मागचे, टाळ्या कसल्या वाजवताय? उभं राहून? बसा खाली, धाप लागेल!

आता हे मनगटावर बोट ठेवून खुणावतायत. पाच मिनिटं झाली म्हणतात. यांची वेळ कधी चुकली नाही.

बरं. द्या ते रोप इकडे. खिडकीत ठेवीन. आता ती उघडीच असते.