पहिला बोर्ड, तिसरा बोर्ड

—नाही, नुसतं वरून बघून नाही कळणार. वरून दोन्ही जुने कॉम्प्युटर सारखेच. तीच काळी डबी, तीच खोडरबरासारखी बटणं, तीच कोपऱ्यातली रंगीत पट्टी. बसा ना, उभे का? कळतं ते पोटातून — हे स्क्रू काढले की. आता बोर्डाच्या कडेला आकडा छापलाय तो वाचा. इथे एक. आणि ह्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये — तीन. म्हणजे कंपनीनं तेच मॉडेल, त्याच नावानं, त्याच खोक्यातून विकलं, पण आतला बोर्ड गुपचूप दोनदा बदलला. का बदलला? चुका होत्या म्हणून. कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. मी जन्मभर कारकुनी केली, पण आमच्या ऑफिसातसुद्धा चूक झाली की निदान शुद्धिपत्रक निघायचं. कुणी वाचायचं नाही, पण निघायचं.

तुम्हाला पहिला बोर्डच हवाय, माहितीये. पुतण्यानं जाहिरातीत तसंच लिहिलंय — पहिली आवृत्ती, दुर्मिळ, चालू स्थितीत. चालू आहे, ते खरं. पण दुर्मिळ का, हे विचारलंत का कधी? लोकांनी वैतागून फेकून दिले, म्हणून दुर्मिळ. ही चिप बघा — पाय वर करून मेलेलं झुरळ दिसतंय ना, तीच. ती मूळ आराखड्यात नव्हतीच. सगळे बोर्ड छापून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, की बटण दाबलं तरी आत काही पत्ता लागत नाही. मग ही चिप उताणी ठेवली, पायांना वायरी डकवल्या आणि दिलं ठोकून. शिवाय तापतो. टीव्हीवर चित्र थरथरतं. लाल रंग पडद्यावर शेजारच्या चौकोनात सांडतो. आणि हा तिसरा बघा — गार. चित्र कसं, हूं की चूं नाही. माझा आहे म्हणून सांगत नाही हं. बरं, माझा आहे म्हणूनच सांगतोय. हा न्या. मूळ खोक्यासकट देतो.

पहिला? तो दादाचा. माझा थोरला भाऊ. दुकानात आला त्याच आठवड्यात त्यानं उचलला. मी थांबलो. मी नेहमीच थांबतो — घाई करणाऱ्यांच्या चुका बसल्या जागी बघायला मिळतात. मग मी तिसरा बोर्ड आणला आणि तिथून जे भांडण सुरू झालं — दर रविवारी दादा आपला कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून काखेत मारून हजर. ह्याच टेबलावर, आधी त्याचा लावायचा, मग माझा. "बघ, लाल कसा जिवंत दिसतो!" मी म्हणायचो, "दादा, जिवंत नाही, गळतोय तो." तर म्हणे, "तुझा कॉम्प्युटर तुझ्यावर गेलाय. चूक सापडत नाही आणि मजाही सापडत नाही." ही आतून ओरडायची, "अहो, आईंना विचारा ना, तुम्हा दोघांमध्ये बोर्ड कुठे बदलला ते!" तेव्हा आई होती. विचारलं हो आम्ही! आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "पहिल्यावर हात बसला, म्हणून दुसरा जरा बरा जमला." दादा त्या दिवशी जेवला नाही. तेव्हापासून त्यानं मला नावानं हाक मारली नाही. "काय सुधारित आवृत्ती, चहा टाकताय का?" — भर रस्त्यात, चार लोकांत.

गेला. गेल्या हिवाळ्यात. नाही हो, आजार वगैरे काही नाही — शनिवारी फोनवर कडाकडा भांडला आणि रविवारी आलाच नाही. पुतण्या आता घर रिकामं करतोय. म्हणाला, काका, बाबांच्या ह्या डब्याला हात लावायला माझं मन होत नाही, तुम्हीच चांगला माणूस बघून देऊन टाका. देतो म्हटलं. आता अधूनमधून फोन करून विचारतो, "काका, गिऱ्हाइकं येतात आणि तशीच जातात, असं कसं?" मी म्हणतो, हल्ली लोक नुसते बघायला येतात. काय करणार? तुमच्या आधीच्या गृहस्थांना झुरळ दाखवलं, तर ते उभ्या उभ्याच परत — असो.

चालवून दाखवू? दाखवतो की. ही कॅसेट लावू. खेळ आहे, दादानं स्वतः लिहिलेला. एकानं भिंत बांधायची, दुसऱ्यानं पाडायची. पण गंमत काय, हा ह्या पहिल्या बोर्डावरच चालतो. बटण दाबलेलं नसेल तेव्हा पहिला बोर्ड आत एक आकडा कळवतो, तिसरा वेगळाच. दादानं सगळा खेळ आपल्या बोर्डाच्या आकड्यावर बेतला. माझ्या कॉम्प्युटरवर लावला की त्याला वाटतं, कुणीतरी बटण दाबूनच बसलंय — डाव सुरू व्हायच्या आत खलास! मी म्हटलं, "दादा, एक ओळ बदल, दोन्हीकडे चालेल." "मी का बदलू? भास तुझ्या डब्याला होतात." शेवटपर्यंत बदलली नाही. मी? मला येते की बदलायला, त्यात काय आहे! नाही बदलली. माणूस उठून गेल्यावर त्याच्या सोंगट्या हलवायच्या का? — हां, आलं बघा. 'तुझी पाळी, गाढवा.' हे मला उद्देशून आहे. आणि आता हा थांबणार. माझ्या कॉम्प्युटरला हे थांबणंच जमत नाही. हा बसून राहतो, आपण बटण दाबेपर्यंत. तापतो, थरथरतो, पण थांबतो.

तुम्ही घरी लावलात की तुम्हालाही गाढव — काय म्हणालात? लावणार नाही? मग? काचेच्या कपाटात? वरचं झाकण काढून, आत दिवा सोडून, झुरळ दिसेल असं? नाही नाही, छान दिसेल. पाहुणे खूश होतील. काचेआडून तो बोलणार काय, एवढाच माझा प्रश्न.

तिसरा न्या ना. खरंच न्या. नको? बरोबर आहे. तसा एकटा तो काय कामाचा? सुधारित म्हणायचं तर शेजारी न सुधारलेला लागतो. नाहीतर कशापेक्षा सुधारित? मी इथे रविवारी कुणाला सांगू की माझं चित्र थरथरत नाही म्हणून? ते— नाही, काही नाही. डोळ्यात धूळ. डबा उघडला की उडते.

हे बघा, पुतण्याला तुम्ही फोन करू नका. मी करतो. सांगतो, दादाचा कॉम्प्युटर इथेच राहणार, जाहिरात काढून टाक. रागावेल? छे, त्याच्याच मनावरचं ओझं उतरेल. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा — पण विकायचा नाहीये. आधी सांगायला हवं होतं खरं, पण आधी मलाच कुठे माहीत होतं? चपला त्या बाजूला आहेत. दार ओढून घ्या जाताना. अहो, उभे काय राहिलात — मला खेळायचंय.