गस्तीच्या बोटीला खंडेनवमीचा नारळ

आमच्या तात्यांची बोट कशी फुटली, सांगतो. लढाई संपल्यावर तात्या नेव्हीतून कृष्णाकाठी घरी आले, ते गस्तीची एक मोडीत निघालेली लाकडी बोट ट्रकवर घालूनच. नदीपार माणसं न्यायला! जीव लावून डागडुजी केली. खंडेनवमीला नांगर-कुळवांबरोबर तिचीही पूजा मांडली. नारळ फोडायचा मान गावच्या पैलवानाचा. गड्यानं असा काही हाणला की नारळ शाबूत आणि बोटीच्या नाकाडाला हे एवढं भोक!

तात्या ओरडले, "आरं, पातळ फळीची हाय ती! पळून गोळ्या चुकवायला बांधलीया, मार खायला न्हवं!"

पैलवान हातातला नारळ निरखत म्हणाला, "आवं तात्या, मग पळायचं न्हवं तिनं? हुबी कशाला ऱ्हायली?"