चोवीस पटींची दुर्बीण

तू रायफलवर दुर्बीण लावणार म्हणतोस, तर माझं काय झालं ते आधी ऐक. मांडवीजवळच्या आमच्या क्लबात मी एअर रायफल शिकायला लागले, तेव्हा सर म्हणाले, "टार्गेट दहा मीटरवर आहे. चार पटींची दुर्बीण पुरे." घरी आमचे हे म्हणाले, "घ्यायचीच तर मोठी घे की!" मी चोवीस पटींची घेतली.

क्लबातल्या पहिल्याच स्पर्धेत डोळा लावला, तर काचेत फक्त एक काळं वर्तुळ, थाळीएवढं. आजूबाजूचं काहीच दिसेना. पण नेम असा लागत होता, की माझं मलाच कौतुक वाटलं. सगळे छर्रे मारून झाले आणि सरांनी टार्गेटची कार्डं काढून आणली. माझं कार्ड कोरं! शेजारी पूर्णगडचे तांडेलकाका होते, जन्मभर मासेमारीची होडी चालवलेले. त्यांच्या कार्डाची मात्र चाळण झाली होती.

"मॅडम, तुम्ही यांच्या टार्गेटवर मारत होतात," सर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर कार्डाकडे बघत राहिले. "आता यातली कुणाची भोकं कुठली, हे कसं ठरवायचं?"

काकांनी चष्मा पुसला आणि कार्ड उजेडात धरलं. मधोमध भोकांचा दाट पुंजका होता, बाकीची कडेकडेने विखुरलेली.

"त्यात काय ठरवायचंय?" काका म्हणाले. "मधली माझी. कडेची बाईंची."